बंद इंजिनाचा ठोका

३ नोव्हेंबर, सोमवार

बाबांनी आज ही वही दिली. डेपोतली जुनी, दोनशे पानी, पहिली सहा पानं फाडलेली. म्हणाले, "निघेल ते लिही. ज्या क्रमानं निघेल त्या क्रमानं. बसवताना उलटं वाचत यायचं. एकतीस वर्षं मी असंच केलं, शेवटी हातात एक वॉशर कधी उरला नाही."

डावं पान इंजिनासाठी ठेवलं आहे. उजव्या पानाचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून ते मी घेतो. नववीत दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा मराठीच्या बाई म्हणाल्या होत्या, "याचं बाकी काही नसलं तरी शुद्धलेखन आहे." तेवढं तरी गंजू नये.

गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. एकोणीस वर्षांची, माझ्याहून चारच वर्षांनी लहान. इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे चालवणारा इंजिनावरच बसलेला असतो. चालू केली की खालून कोणी हातोडी मारत असल्यासारखं वाटतं. बाहेरचे मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. बाबा ठोका म्हणतात.

आई हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत इस्त्रीवर आहे. तिथल्या मॅडमनी शब्द दिला आहे की २४ तारखेपासून दोन हॉस्पिटलांत चादरी पोचवायची फेरी मला देतील, गाडी तयार असली तर. नसली तर आहे त्या टेम्पोवाल्याकडेच राहील. मला आजपर्यंत कोणी काही सोपवलेलं नाही. मी काल दोन्ही रस्ते सायकलवर जाऊन बघितले. मोठ्या हॉस्पिटलपर्यंत गाडीनं नऊ मिनिटं लागतील.

डेपोत बाबा इंजिन तपासायच्या खोलीत होते. साहेब सही करायच्या आधी बाबांच्या तोंडाकडे बघायचे. बाबा "आवाज गेला" म्हणाले की गाडी रस्त्यावर. हे दोन शब्द मला माझ्या कामाबद्दल ऐकायचे आहेत. उजव्या पानावर लिहायला हरकत नाही.

इंजिनाशी संबंध नसलेली एक गोष्ट: सकाळी बाबा तीनदा मोरीतला नळ बघून आले. टपटप ऐकू येते म्हणाले. नळ कोरडा होता. तरी मी वॉशर बदलून टाकला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ठोका कुठल्या सिलिंडरचा ते शोधलं. सिलिंडर तीन. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. ज्याची काढल्यावर ठोका मंदावतो, तो चोर. दुसऱ्याची काढली तसा आवाज एकदम दबला.

बाबा लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावतात आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवतात. डोळे मिटतात. त्या वेळी ते फार लांब गेल्यासारखे दिसतात.

"ऐक," म्हणून त्यांनी पेचकस मला दिला. मला ठोका ऐकू आला, पण मी जास्त वेळ ऐकत राहिलो, लगेच दिला तर ऐकलंच नाही असं वाटेल म्हणून.

"काय कळलं?"

"दुसरा. खाली."

"खाली म्हणजे काय? तळघर आहे का तिथं?"

"रॉडचं बेअरिंग."

"मग तसं बोल."

ते बरोबर आहे म्हणाले नाहीत. चूक आहे असंही म्हणाले नाहीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी जॅकनं उचलून चार लोखंडी घोड्यांवर चढवली. घोड्या बसल्या आहेत का ते मी अकरा वेळा हलवून बघितलं. बाबा म्हणाले, "आता तिला झोपाळ्याची सवय लागेल."

तेल काढलं. इंजिनाखालचा चेंबर उतरवला, सोळा बोल्ट. तळाच्या तेलात चमचम होती, मासळीच्या खवल्यांसारखी. दुसऱ्या रॉडची टोपी काढल्यावर बेअरिंगचा वरचा पांढरा थर गेलेला आणि खालचं तांबडं दिसत होतं. बाबांनी क्रँकच्या त्या जागेवरून नख फिरवलं. मग माझा अंगठा धरून माझं नख फिरवलं.

"अडकतं?"

"नाही."

"मग शाफ्ट वाचला. नख अडकलं असतं तर इंजिन बाहेर."

लेथवाले काका मोजमाप घ्यायला आले. ते बाबांचे डेपोतले जोडीदार, आता कोपऱ्यावर त्यांचं स्वतःचं लेथ आहे. मायक्रोमीटर लावून झाल्यावर बाबांना म्हणाले, "पोरगं बोल्टांना नंबर घालतंय रे चिठ्ठ्या लावून! तू तर खडूनं घालायचास, आणि तोही उलटा."

"तो लिहितो बरं," बाबा म्हणाले. एवढंच.

९ नोव्हेंबर, रविवार

नवीन बेअरिंग बसवली, तिन्ही रॉडना. एकाचंच बदललं तर बाकीची रुसतात, असं बाबा म्हणतात. टॉर्क पाना बाबांच्या डेपोतल्या निरोपाच्या भेटीतला आहे, अजून पेटीत, कापडात. प्रत्येक बोल्ट तीन टप्प्यांत आवळला. मी प्रत्येक टप्प्याला वहीत खूण केली आणि मग खुणा मोजल्या.

बाबा आज उशा दोन घेऊन झोपले होते दुपारी. आई म्हणाली त्यांना सपाट झोपलं की बरं वाटत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज गाडी चालू केली.

पहिल्या पाच सेकंदांत तेल चढेपर्यंत थोडी खडखड, मग स्वच्छ. शिवणयंत्रासारखी. आई हात पुसत मागच्या दारात आली आणि म्हणाली, "अगं बाई, चालू आहे का?" मला हसू आवरेना. लेथवाल्या काकांनी टोपी काढून गाडीला नमस्कार केला.

बाबांनी पेचकस लावला. पहिला सिलिंडर, दुसरा, तिसरा. डोळे मिटले. बराच वेळ.

"आहे," म्हणाले.

काका म्हणाले, "कुठं आहे? मला तर नाही."

"तुझे कान लेथनं खाल्ले. आहे. बारीक आहे, पण आहे."

मी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पद्धतशीर करायचं ठरवलं. बाबांना म्हटलं, तुम्ही ऐका आणि जसा ठोका येईल तसं बोटानं माझ्या खांद्यावर वाजवा, मी घड्याळ लावतो. त्यांनी उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं वाजवलं.

मिनिटाला ८४. तीनदा मोजलं. ८४, ८३, ८४.

चौऱ्याऐंशी हा शब्द लिहायची मला नेहमी धास्ती वाटते, म्हणून आकड्यात लिहितो. पण खरी अडचण वेगळी आहे. गाडी उभ्या उभ्या मिनिटाला आठशेच्या वर फेऱ्या घेते. रॉडचा ठोका असेल तर तो आठशे वेळा यायला हवा. वरच्या झडपांचा असेल तर चारशे. ८४ वेळा काय आपटतं?

मी रेस वाढवली. बाबांचं बोट तसंच. ८४.

एकेक वायर काढली. तिन्ही. काही फरक नाही.

डाव्या पानावर "ठोका" असा नवीन रकाना आखला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लेथवाल्या काकांकडे जाऊन विचारलं, इंजिनात मिनिटाला ८४ वेळा काय फिरतं. त्यांनी लेथ थांबवलं नाही. ओरडूनच म्हणाले, "तुझ्या बापाचं डोकं!"

मला राग आला. मी वही दाखवली. त्यांनी हात पुसून ती बघितली, वाचली नाही. म्हणाले, "अरे, तुझा बाप डेपोत असतानासुद्धा पास झालेली गाडी परत बोलवायचा. सोड. आवाज नाहीये तिला. फेरी सुरू कर."

पण बाबांनी परत बोलावलेल्या गाड्यांत दर वेळी काहीतरी सापडायचं. हे काकांनीच मला पूर्वी सांगितलं आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुसऱ्यांदा उघडलं. झडपांची फट मोजली, सहाच्या सहा बरोबर. पाण्याचा पंप हलवून बघितला. डायनॅमोचा पट्टा काढून गाडी चालू केली, म्हणजे पट्ट्यावरचं सगळं बंद. बाबांचं बोट चालू. ८८.

"वाढतोय," मी म्हटलं.

"वाढणारच. दुखणं आहे ते, बसून राहील का?"

आई आज बाबांना म्हणाली, "डोकं धरून काय बसता, डॉक्टरला दाखवा एकदा."

"या गाडीचा डॉक्टर मीच आहे."

"मी गाडीचं नाही म्हणत."

"मग कुणाचं म्हणतेस?" बाबा म्हणाले आणि रेडिओ मोठा केला. आजकाल ते रेडिओ लावूनच बसतात, कुठलंही स्टेशन. नुसती खरखर असली तरी चालते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आठवडा राहिला. मॅडमनी आईकडे निरोप पाठवला: शनिवारपर्यंत गाडी दाखवून जा. आईनं तो मला इस्त्रीच्या टेबलावरून आणलेल्या चिठ्ठीसारखा दिला, घडी घालून, तोंडीच होता तरी. म्हणाली, "मला काही ऐकू येत नाही त्या गाडीतून. तुला येतं?"

"बाबांना येतं," मी म्हटलं.

"मी तुला विचारलं."

मी शेडकडे निघालो.

बाबा घरामागची चढण चढून शेडमध्ये आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. लगेच ऐकायला बसले. ९६. दहा मिनिटं बसल्यावर ८६. इंजिन तेवढ्यात बदललं नव्हतं, ना रेस ना तेल. मी तापमानाची शक्यता लिहून ठेवली.

एक विचित्र गोष्ट. मी गाडी बंद केली आणि पाने पुसत होतो. बाबा तिथंच, बोनेटसारख्या त्या सीटवर हात ठेवून बसलेले. बोट चालूच. मी म्हटलं, "बाबा, बंद केली." ते दचकले. हात काढून घेतला आणि म्हणाले, "सवय."

मग जरा वेळानं म्हणाले, "इंजिनातच असू दे रे."

मला अर्थ कळला नाही. इंजिनात नसेल तर कुठं असणार?

"इंजिनातला असला की काढता येतो," ते म्हणाले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

सकाळी शेडमध्ये गेलो तर बाबा आधीच खोक्यावर बसलेले. धुतलेला पांढरा शर्ट, केस विंचरलेले. खिशातून दवाखान्याच्या जुन्या कार्डाचं टोक दिसत होतं.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही. सहज." मग म्हणाले, "चालू कर. आणि आज तू ऐक. मी नाही. सावकाश ऐक. तुला येतो की नाही, तेवढं सांग. खरं सांग."

मी पेचकस लावला. पट्ट्याची सळसळ, पंख्याचा वारा, चेनचा बारीक किरकिराट. एकेका सिलिंडरला दोन दोन मिनिटं दिली. ठोका नव्हता. मला काहीच ऐकू आलं नाही.

बाबा माझ्याकडे बघत होते. डेपोत साहेब त्यांच्याकडे बघायचे, तसे. मला वाटलं, एकतीस वर्षांचा कान आहे हा, आणि मी नववी नापास. नाही म्हटलं तर ते म्हणतील, तुला कानच नाही. परत कधी पेचकस माझ्या हातात देणार नाहीत.

"येतो," मी म्हटलं.

"नक्की?"

"हो. बारीक आहे. मधल्याच्या खाली."

बाबांनी डोळे मिटले. इतका मोठा श्वास सोडला की शर्ट पोटाशी चिकटला. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं सैल झालं. मी त्यांना इतकं हलकं कधी बघितलं नव्हतं.

"तुलाही येतो ना? मग झालं. मग झालं तर." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कान तयार झाला तुझा."

ते आत गेले आणि पाच मिनिटांत तेलाचा शर्ट घालून आले. "उघड," म्हणाले. आवाजात जोर होता. शीळ घालत होते.

कान तयार झाला तुझा. खोट्यावर मिळालं आहे हे मला कळतं. पण आता शोधून काढीन, काहीतरी सापडेलच, मग ते खोटं राहणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तिसऱ्यांदा उघडलं, चेंबर उतरवला. तेल स्वच्छ, एक कण नाही. तिन्ही टोप्या काढल्या, बेअरिंग वर्तमानपत्रावर क्रमानं मांडली. आरशासारखी आहेत. बाबा एकेक उचलून उजेडाला धरतात. डावा डोळा मिटून धरतात आजकाल. म्हणाले, "उद्या पिस्टनच्या पिना बघू."

मी लाँड्रीच्या मॅडमना आईकडून निरोप दिला, रविवारी दाखवतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

१०.२० – बाबा माझ्या हातात पाना देत होते. म्हणाले, "हा चमचा घे." मी हसलो. ते परत म्हणाले, "चमचा." मग तोंड वाकडं झालं आणि ते खोक्यावरून उजव्या बाजूला पडले.

१०.२३ – रुग्णवाहिकेला फोन. गाडी दुसरीकडे गेली आहे, अर्धा तास तरी लागेल.

१०.२४ – आईला लाँड्रीत फोन.

१०.२४ ते १०.५२ – मी बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. समोर गाडी घोड्यांवर. खाली वर्तमानपत्रावर सोळा बोल्ट, तीन टोप्या, बेअरिंगचे सहा अर्धे भाग, सगळ्यांना नंबर.

१०.५२ – टेम्पोवाला आईला घेऊन आला. बाबांना चादरींच्या गठ्ठ्यांवर निजवलं.

११.०५ – मोठं हॉस्पिटल.

आपल्या गाडीनं नऊ मिनिटं.

२३ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टर बाई माझ्याएवढ्याच असतील, किंवा दोन वर्षांनी मोठ्या. आईला आणि मला बाकावर बसवून सांगितलं की मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला. तिथं एक रक्तवाहिनी चुकीच्या ठिकाणी जोडलेली होती, बहुतेक बऱ्याच महिन्यांपासून.

मग त्यांनी विचारलं, "कानात ठोके ऐकू येतात, असं म्हणायचे का कधी? एका कानात? नाडीसारखे?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

वही माझ्या पिशवीत होती. मी डावं पान उघडून दिलं. त्यांनी रकाना वाचला. ८४, ८३, ८४. ८८. ९६. ८६. बोट फिरवत वाचला.

"हे आकडे कशाचे आहेत?"

"इंजिनाचे," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवून काचेकडे बघितलं. आत काचेपलीकडे बाबांच्या उशाशी एक यंत्र होतं, त्यावर हिरवा आकडा होता. ८८. मी बघत असतानाच ८७ झाला.

"तुम्ही मोजलंत हे? घड्याळ लावून?"

"हो."

"फार नीट मोजलंत," त्या म्हणाल्या आणि फोनवर पानाचा फोटो घेतला. मी विचारलं, आधी आणलं असतं तर. त्या म्हणाल्या, "ते आता सांगता येत नाही." पण तसं म्हणायच्या आधी त्यांनी परत एकदा तारखांकडे बघितलं.

आईनं विचारलं, "बोलतील ना हो?"

"उजवी बाजू सध्या हलत नाहीये. आणि आवाज गेलाय, काकू. किती परत येईल ते बघू."

आवाज गेलाय. डॉक्टर बाईंना काय माहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

टेम्पोवाला वॉर्डात चादरी द्यायला आला होता. मला बघून थांबला. गठ्ठ्याच्या मधून एक चादर ओढून काढली, "ही नवी आहे, खरखरत नाही," म्हणाला आणि स्वतः नर्सबरोबर बाबांच्या खाली घातली. फेरीचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबांना बुधवारी घरी सोडणार आहेत. आई म्हणाली, "टेम्पोत नाही न्यायचं आता."

म्हणून गाडी बसवायला घेतली. बाबांनी सांगितल्याप्रमाणे वही उलटी वाचत आलो. डावं पान वाचताना उजवं डोळ्यासमोर येतंच, त्याला इलाज नाही.

वीस तारीख. एकोणीस. एकोणीसपाशी मी बराच वेळ थांबलो. मग सतरा: इंजिनातच असू दे रे. पंधरा, रेडिओ. तेरा. बारा, तीनदा मोजलं. अकरा, शिवणयंत्रासारखी.

सगळ्यात शेवटी, म्हणजे पहिल्या दिवशी, नळ. त्याचा वॉशर चांगला होता. मी चांगला वॉशर फेकून दिला.

सोळावा बोल्ट आवळला तेव्हा लेथवाले काका दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. मी गाडी चालू केली. ते ऐकत राहिले, मग चाकाला टेकून खालीच बसले.

"मी गमतीनं बोललो होतो रे," म्हणाले. "डोक्याचं."

"माहीत आहे काका."

"गमतीनंच बोललो होतो."

मी त्यांना पाणी आणून दिलं. हातात एकही वॉशर उरला नाही.

३ डिसेंबर, बुधवार

बाबांना घरी न्यायचं म्हणून आईनं खुंटीवरचा पांढरा शर्ट दिला. एकोणीस तारखेपासून तिथंच होता. झटकला तर खिशातून कार्ड पडलं. दवाखान्याचं, जुनं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं बाबांचं अक्षर. डॉक्टरांना काय सांगायचं ते विसरू नये म्हणून लिहिलेलं असणार:

"डावा कान. ठोका. गाडी बंद असतांनाही. पोराला येत नसेल तर दाखवणे."

असताना या शब्दावर अनुस्वार नको. मी तो खोडला नाही. कार्ड वहीत, एकोणीस तारखेच्या पानात ठेवलं.

आईला दाखवलं नाही. तिनं शर्टाची गुंडी लावून बघितली आणि म्हणाली, "सैल होईल त्यांना."

हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉयनं आणि मी मिळून बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. आई मागे, औषधांची पिशवी घेऊन. पट्टा लावला. उजवा हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, पंजा पालथा, बोटं सरळ करून. हात गरम होता आणि जड होता.

डॉक्टर बाई म्हणाल्या आहेत की त्यांना किती समजतं ते नक्की सांगता येत नाही. बरंचसं समजत असेल, किंवा थोडंच. बोलत राहा म्हणाल्या.

मी किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात चालू झाली. सीटखाली इंजिन एकसारखं घुमत होतं. बाबांनी मान डावीकडे कलती केली. ऐकताना करतात तशीच. किंवा मान आपोआप कलत असेल, आता तशी कलते.

मी म्हटलं, "बाबा, एकोणीस तारखेला मला काही ऐकू आलं नव्हतं. मी खोटं बोललो."

मागून आई म्हणाली, "काय रे?"

"काही नाही, आई. गाडीचं बोलतोय."

बाबा माझ्याकडे बघत होते. डावा डोळा नीट, उजवा थोडा मिटलेला. किती तरी वेळ बघितलं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"आहे का अजून?" मी विचारलं.

त्यांनी समोर बघितलं. मी त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बघत राहिलो. ते हललं नाही. ठोका गेला म्हणून हललं नाही, की बोटच गेलं म्हणून, ते मला कळायला मार्ग नाही.

घरापर्यंत नऊ मिनिटं लागली. गाडीनं कुठंही त्रास दिला नाही.

डाव्या पानावर आजची तारीख घातली आहे. तेल ठीक, पाणी ठीक, आवाज नाही. ठोक्याचा रकाना कोरा ठेवला आहे.